उंदीर पडले तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेसाठी वक्त्याने थोडे विस्तारून लिहून दिले आहे.)



संस्थेच्या चिटणीसांनी व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना म्हणालो की, माझा सारा जन्म जनावरांचे रोग शिकविण्यात गेला. संमेलनाच्या दिवशी, पंगत बसण्यापूर्वी, तो विषय कोणाच्या पचनी पडावा? त्यावर त्यांनी काही न बोलता कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. कसरीने कडा खाल्लेली ती वही आपल्या संस्थेच्या आरंभीच्या जमाखर्चाची आहे. तीत १८९८ सालच्या पानांवर बांबू, झावळ्या, सुतळी, चुना, मजुरी असे खर्च टाकलेले असून वर मथळा आहे, ‘आजाराच्या झोपड्या’. ती पाने पाहिल्यावर मला विषय शोधावा लागला नाही.

आपणांपैकी पुष्कळांनी ही हकीकत ऐकली असेल. मुंबईत प्लेग पेटला असता ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी शहराबाहेर मोकळ्या जागी झोपड्या उभारल्या, ज्ञातीतील कुटुंबे तेथे नेऊन ठेवली, आणि ती बहुतेक सुखरूप परत आली. आपल्या संमेलनांतून ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते व ती अभिमानाची आहेही. मात्र ती सांगताना एक पुस्ती जोडली जाते : आपल्या लोकांनी सोवळेओवळे पाळले, परक्याच्या हातचे पाणी घेतले नाही, म्हणून आपण तगलो. लहानपणापासून मी हे ऐकत आलो. झोपड्यांत गेलेली माणसे वाचली यात संशय नाही. ती का वाचली, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास शास्त्रज्ञांना दहा वर्षे लागली, आणि त्या शोधाचे बरेचसे काम ज्या परळात झाले तेथेच पुढे मी पशुवैद्यकाचा विद्यार्थी म्हणून चार वर्षे काढली.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी भागात, म्हणजे बंदराजवळच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, माणसे तापाने व काखेतल्या-जांघेतल्या गाठींनी पटापट मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे असे सप्टेंबर महिन्यात प्रथम ठामपणे सांगितले ते डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी. हे गृहस्थ मूळचे गोव्याच्या हडफड्याचे. धोबीतलावास त्यांचा पुतळा आहे; त्याच्या पायथ्याशी थांबून नाव वाचणारा माणूस मला अद्याप भेटावयाचा आहे. त्यांच्या निदानावर प्रारंभी पुष्कळांनी अविश्वास दाखविला, पण दोनचार आठवड्यांत तो मावळला. पुढच्या चारपाच महिन्यांत, आठ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून निम्म्याच्या आसपास माणसे पळून गेली असावीत, असे तेव्हाचेच अंदाज आहेत. पळणाऱ्यांबरोबर रोग पुण्यास, कराचीस आणि पुढे देशभर गेला. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगाने दगावली. एकट्या १९०७ साली हा आकडा तेरा लाखांच्या आसपास होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रोगाचा जंतू कोणता हे त्या वेळी ठाऊक झालेले होते. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येरसँ या संशोधकाने तो शोधून काढला होता. जपानचे कितासातो हेही त्याच वेळी त्याच शोधात तेथे होते. म्हणजे चोर ओळखीचा होता. तो घरात कोणत्या वाटेने शिरतो ते ठाऊक नव्हते. आणि वाट ठाऊक नसली की माणूस दिसेल त्या दारास कुलूप घालीत सुटतो. कोणी म्हणे दूषित हवा, कोणी म्हणे जमिनीतील घाण, कोणी म्हणे अनवाणी पाय, कोणी म्हणे रोग्याचा स्पर्श. मुंबईची गटारे कार्बोलिक व समुद्राचे पाणी सोडून धुतली गेली. घरांना चुना फासला, ऊन आत यावे म्हणून कौले काढली, कपडे-अंथरुणे जाळली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घराघरांतून झडत्या सुरू झाल्या. पुण्यात त्याचे पर्यवसान कशात झाले हे येथे बसलेल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, म्हणून रँडसाहेबाच्या प्रकरणात मी शिरत नाही. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका रोगी मुलास पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोचविले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः त्याच रोगाने गेल्या, एवढे मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

मुंबईत मार्च १८९७ मध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमण्यात आली. सरकारी इस्पितळात सर्व जातींची माणसे एका छपराखाली ठेवतात या भीतीने लोक रोगी लपवून ठेवीत. तेव्हा निरनिराळ्या जातींनी व पंथांनी आपापली इस्पितळे काढावीत यास कमिटीने उत्तेजन दिले. पारशी, भाटिया, जैन, खोजा, मेमण अशा किती तरी समाजांची इस्पितळे व छावण्या तेव्हा उभ्या राहिल्या. आपल्या वहीतील बांबू व झावळ्या त्याच वाऱ्याबरोबर आलेल्या आहेत.

त्याच हिवाळ्यात ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सरंजामावर, वाल्देमार हाफकिन प्लेगाची लस तयार करीत होते. जंतू वाढविण्याच्या रश्श्यावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत; त्या थेंबांना धरून जंतूंची झुंबरे खाली लोंबत व वाढ भरघोस होई. आपल्या देवघरातील तूप असे विज्ञानाच्या उपयोगी पडले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली व नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचे नाव मिळाले. लसीने पुष्कळांचे प्राण वाचविले. पण रोगाची वाट लसीने उलगडली नाही, आणि आजचा विषय ती वाट आहे.

आता माझ्या आजीचे सांगतो. कृष्णाकाठच्या आमच्या गावी ‘प्लेग आला’ असे कोणी म्हणत नसे. ‘उंदीर पडले’ असे म्हणत. आढ्यावरून, भिंतीच्या बिळातून उंदीर भर दिवसा झिंगल्यासारखा बाहेर येई, माणसास भीत नसे, गोल गोल फिरून पडे आणि मरे. दोनतीन घरांत असे झाले की गाव उठे. पाटलाने दवंडी पिटविण्याची कोणी वाट पाहत नसे. भांडी, अंथरुणे, गुरे घेऊन सारी माणसे माळावर झोपड्या घालून राहत आणि उन्हाळा कडक होईतो परतत नसत. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण उंदीर पडल्यापासून दहापंधरा दिवसांत माणसे पडू लागतात, हा हिशेब तिला तोंडपाठ होता.

हे ज्ञान काही आमच्या गावचेच नव्हते. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरात ‘महामारी’ येई तेव्हा उंदीर मरताच लोक गाव सोडून वर रानात जात, याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. त्याही आधीचे पाहावयाचे तर जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात १६१९ च्या सुमाराची हकीकत आहे. आसफखानाच्या मुलीने आपल्या अंगणात एक उंदीर दारू प्याल्यासारखा लटपटताना पाहिला; मांजरीने तो तोंडात धरला आणि किळसून टाकून दिला; मांजर आजारी पडली, मग एक दासी, मग घरातील आणखी माणसे. बादशहाने हे कुतूहल म्हणून लिहून ठेविले. त्यातील क्रम आपण नीट पाहावा. उंदीर पहिला, माणूस नंतर.

असे असता मुंबईतील विद्वानांना उंदीर दिसले नाहीत काय? दिसले. मांडवीच्या वखारींतून आरंभीच मेलेल्या उंदरांचे ढीग निघाले होते. येरसँने हाँगकाँगलाही ते पाहिले होते. पण उंदराचा रोग माणसात येतो तो कसा, याची साखळी जुळेना. कोणी मेलेला उंदीर हातात धरून फेकून दिला आणि त्याला काही झाले नाही. दुसऱ्याने तसेच केले व तो चौथ्या दिवशी गेला. एकाच कृतीची दोन फळे दिसू लागली की शास्त्र त्या कृतीवर विश्वास ठेवीत नाही, आणि तसे न ठेवणे गैरही नव्हे.

ही गाठ सोडविली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने. १८९७ मध्ये पाश्चर संस्थेच्या वतीने तो हिंदुस्थानात आला. त्याने दोन गोष्टी पाहिल्या. पुष्कळ रोग्यांच्या पायावर वगैरे एखादा बारीक फोड असतो आणि त्या फोडात प्लेगाचे जंतू सापडतात. म्हणजे तेथे काहीतरी चावलेले असले पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, मरून बराच वेळ झालेला, थंड पडलेला उंदीर निरुपद्रवी असतो. नुकताच मेलेला घातक असतो. कारण जिवंत उंदराच्या अंगावरील पिसवा, तो थंड पडू लागताच त्यास सोडून दुसरे ऊबदार अंग शोधू लागतात. कराचीतील एका हॉटेलच्या खोलीत २ जून १८९८ रोजी त्याने प्रयोग केला. मोठ्या काचेच्या भांड्यात पिसवांनी भरलेला रोगी उंदीर ठेवला, आणि त्यास स्पर्श होणार नाही अशा बेताने जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. रोगी उंदीर मेला. काही दिवसांनी दुसराही मेला, आणि त्याच्या शरीरात प्लेगाचे जंतू मिळाले. दोघांच्या मध्ये जाळी होती. जाळीतून जाऊ शकत होती ती केवळ पिसू.

एवढा स्वच्छ पुरावा सादर झाल्यावर काय व्हावयास पाहिजे होते? झाले ते असे. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने सिमाँचे मत विचारात घेण्याच्या लायकीचे नाही असा शेरा मारला. युरोपातील इतर संशोधकांनी तिकडच्या उंदरांवरील पिसवा माणसास चावत नाहीत असे दाखवून दिले. ते त्यांच्यापुरते खरे होते. युरोपातील उंदराची पिसू वेगळ्या जातीची, आपल्याकडील वेगळ्या जातीची. आपल्याकडील पिसूचे शास्त्रीय वर्णनच मुळी १९०३ मध्ये झाले, तेही आफ्रिकेतील नमुन्यांवरून, आणि नाव पडले पिरॅमिड बांधणाऱ्या केऑप्स राजाचे. त्या काळात सरकारचा पैसा आणि जनतेचा संताप माणसांच्या झडतीवर खर्च होत राहिला, उंदराकडे कोणी पाहिले नाही.

पुढचे पाऊल मुंबईतच पडले. परळच्या प्रयोगशाळेतील कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी काही वर्षे चिकाटीने एकच काम केले : पिसवा गोळा करणे. मुंबईत माणसांच्या अंगावर सापडलेल्या २४६ पिसवा त्यांनी तपासल्या, त्यांत उंदराच्या जातीची एकच निघाली. मग एका चाळीत उंदीर पडले. रहिवासी पिसवांनी हैराण होऊन खोल्या सोडून गेले किंवा व्हरांड्यात निजू लागले, आणि काही दिवसांनी तेथे प्लेग लागला. त्या चाळीतील माणसांच्या अंगावरून त्यांनी ३० पिसवा मिळविल्या. त्यांतील १४ उंदराच्या होत्या. २४६ मध्ये एक आणि ३० मध्ये चौदा. ज्याने पिढीजात दुकान चालविले आहे त्याला या आकड्यांचा अर्थ सांगावयास नको.

त्यानंतर लिस्टन यांनी आणखी एक युक्ती केली. अशा सोडून दिलेल्या, उंदीर मेलेल्या खोल्यांत त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले. रिकाम्या घरातील उपाशी पिसवा त्या एकमेव ऊबदार प्राण्यावर तुटून पडत. गिनीपिग म्हणजे पिसवा पकडण्याचा जिवंत सापळाच झाला. सकाळी त्याच्या अंगावरून पिसवा वेचून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या तर त्यांच्या पोटात प्लेगाचे जंतू, आणि त्या गिनीपिगांपैकी काही थोड्याच दिवसांत प्लेगाने मरत. हे सारे १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. कृपा करून हा गिनीपिग आपण स्मरणात ठेवावा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

त्याच वर्षी नव्या संशोधन-मंडळाने परळच्या आवारात लहान लहान खोपटी बांधून मोठ्या प्रमाणावर प्रयोग सुरू केले. त्यांची सोपी रीत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. जेथे पिसवा नव्हत्या तेथे रोगी व निरोगी प्राणी एकत्र कोंडले, एकमेकांच्या मलमूत्रात राहिले, तरी रोग पसरला नाही. जेथे पिसवा होत्या तेथे तो भराभर पसरला. पिसवा असलेल्या खोपट्यात एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला व दुसरा दोन फुटांवर. खालच्यातील प्राणी प्लेगाने मेले, वरच्यातील वाचले. कारण पिसूची उडी चारपाच इंचांपलीकडे जात नाही. हवा दोन्ही पिंजऱ्यांत एकच होती. दूषित हवेची उपपत्ती दोन सुतळ्यांच्या लांबीने निकालात निघाली. उरली होती ती पिसूच्या पोटातील यंत्रणा. ती १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत बेकॉट व मार्टिन यांनी दाखविली. पिसूच्या जठराच्या तोंडाशी जंतू वाढून त्यांचे बूच बसते. रक्त आत जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती वेड्यासारखी पुनःपुन्हा चावते आणि दर चाव्यास आत घेतलेले रक्त जंतूंसह बाहेर ओकते. कडक उन्हाळ्यात हा प्रकार मंदावतो. आजीचा ‘उन्हाळा कडक होईतो परतायचे नाही’ हा नियम येथे येऊन मिळतो.

थोडे विषयांतर होते, पण क्षमा असावी. नोकरीच्या सुरुवातीस मी एका धनगराच्या मेंढ्या तपासावयास गेलो होतो. मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी साठून सूज आली होती. मी औषधाचा विचार करीत होतो, तर तो म्हणाला, ‘डाक्तर, पावसाळा सरल्यावर त्या तळ्याच्या कडंला मेंढरं चारायची नसत्यात, आमचा म्हातारा चारू देत नव्हता, माझ्या पोरानं चारली.’ त्या तळ्याच्या काठच्या गवतावर, विशिष्ट गोगलगाईच्या अंगातून बाहेर पडलेली, यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीची पिले चिकटून बसतात हे मी पुस्तकात शिकलो होतो. त्याच्या म्हाताऱ्याने गोगलगाय पाहिली नव्हती, कृमी पाहिला नव्हता. कडेचे गवत वाईट एवढे पाहिले होते. तेव्हापासून कोणत्याही गोठ्यात शिरल्यावर मी प्रथम गुराख्यास विचारीत असे, मागाहून नाडी पाहत असे. अर्थात गुराखी सांगतो ते सारे खरे असते असे नव्हे. गावोगाव मरीआईस कोंबडे कापून रोग घालविणारेही तेच लोक होते. पाहिलेले खरे असते, लावलेला अर्थ खोटा असू शकतो.

आणि हेच आपल्या झोपड्यांचे झाले.

झोपड्यांत गेलेली आपली माणसे वाचली, कारण ती उंदरांपासून दूर गेली. गाठीचा प्लेग एका माणसापासून दुसऱ्यास सहसा लागत नाही. फुफ्फुसाचा प्लेग मात्र लागतो, तो प्रकार निराळा. मोकळ्या माळावर नव्या बांबूच्या झोपडीत धान्याची कोठी नव्हती, कौलांखाली घरटी नव्हती, भिंतीत बिळे नव्हती. शेजारच्या छावणीतील मेमण वाचले, त्यांच्या पलीकडचे खोजे वाचले, ते याच कारणाने. सोवळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. आपल्या पूर्वजांनी जे केले ते योग्य केले. त्यामागची जी कारणमीमांसा आपण दर संमेलनात सांगतो ती तेवढी चुकीची आहे, आणि स्मरणिकेत ती पुन्हा छापू नये असे मला वाटते.

येथवर आपण नाराज झाला नसाल तर आणखी थोडे सांगावयाचे आहे, ते माझ्याच घरचे आहे.

१९०७ च्या आसपास आजी दहाअकरा वर्षांची होती. गावात उंदीर पडले आणि तिच्या वडिलांचे सारे घर माळावर गेले. पण घरात धान्याचे पेव होते, तांब्यापितळेची भांडी होती, आणि अशा वेळी चोऱ्या फार होत. म्हणून एका गड्यास वाड्याची राखण करावयास मागे ठेवले. तो रात्री ओसरीवर निजे आणि सकाळी माळाच्या कडेपर्यंत येऊन, लांबूनच, सारे ठीक आहे असे ओरडून सांगे. असे पाचसहा दिवस चालले. मग एके सकाळी तो आला नाही. दुपारी वाट पाहून कोणी तरी वेशीपर्यंत गेले आणि परत आले. आजी ही हकीकत सांगून शेवटी म्हणावयाची, ‘त्याचं आयुष्यच तेवढं होतं.’ माळावर बरोबर नेलेल्या गाईचे नाव कपिला होते, तिने तेथे पाडी दिली, तेही आजी सांगे. गड्याचे नाव मी दोनतीनदा विचारले. तिला ते आठवत नव्हते.

पुढे परळास शिकत असता एका दुपारी ग्रंथालयात लिस्टन यांचा तो निबंध मी प्रथम वाचला आणि गिनीपिगाच्या परिच्छेदापाशी येऊन थांबलो. उंदीर मेलेले, माणसे निघून गेलेली, पिसवा उपाशी, आणि त्या रिकाम्या घरात एकच ऊबदार अंग. लिस्टन यांनी तेथे गिनीपिग ठेवला होता. आम्ही माणूस ठेवला होता. त्याचे आयुष्य तेवढेच नव्हते. आम्ही ते तेवढे केले. माझ्या पणज्यास हे ठाऊक नव्हते हे मी मान्य करतो. लिस्टन यांचा निबंध कृष्णाकाठी येण्याचे कारण नव्हते. परंतु त्या घरात राहणे धोक्याचे आहे हे त्यास ठाऊक होते. नसते तर तो स्वतः माळावर कशास गेला असता? ही गोष्ट मी घरी कधी बोललो नाही. आज वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेथे आपलीच माणसे बसली आहेत अशा जागी बोलत आहे.

आता अलीकडील एक प्रसंग सांगून संपवितो. पुष्कळांची समजूत आहे की प्लेग इतिहासजमा झाला. प्रतिजैविक औषधे आल्यापासून तो वेळीच ओळखला तर बरा होतो हे खरे, पण रानातील व शेतातील उंदीर-घुशींच्या जातींत तो अधूनमधून टिकून राहतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर आसपासच्या जिल्ह्यांतही पुष्कळ लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. धान्य मात्र घरांतच राहिले. माणूस नाही व धान्य आहे अशा घरांत उंदीर माजले असावेत, असे कारण अभ्यासकांनी पुढे मांडले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावच्या लोकांनी आरोग्य खात्यास कळविले की, गावात उंदीर पडत आहेत आणि पिसवांचा उपद्रव असह्य झाला आहे. त्या दोन वाक्यांत सिमाँ आणि लिस्टन दोघेही आले, पाहा. या वेळी ऐकणाऱ्यांनी ते ऐकले. गावात कीटकनाशकाची भुकटी मारली गेली, आजाऱ्यांना औषधे दिली गेली. या कामात क्रम महत्त्वाचा आहे : आधी पिसू मारावयाची, मग उंदीर. उंदीर आधी मारला तर त्याच्या पिसवा आपण आपल्या हातांनी मोकळ्या करतो. पूर्वी कित्येक ठिकाणी मेलेल्या उंदरामागे पैसे देण्याची चाल होती. तीत हा धोका होता. सप्टेंबरात सुरतेस फुफ्फुसाच्या प्लेगाची साथ उठली व तेथून लाखो माणसे पळाली, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. त्यानंतर २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि २००४ मध्ये उत्तरकाशीकडे लहान प्रादुर्भाव झाले. हिमाचलातील साथीचा आरंभ एका शिकाऱ्याने आजारी रानमांजर मारून सोलल्यापासून झाला. मुंबईत महापालिकेची माणसे रात्री काठी व विजेरी घेऊन गल्लीबोळांतून उंदीर मारीत हिंडतात. आपणांपैकी कोणी त्यांना पाहून नाक मुरडले असेल, तर पुढच्या वेळी मुरडू नये.

चिटणीसांनी दिलेली वही मी आठ दिवस घरी ठेवून सबंध वाचली. ‘आजाराच्या झोपड्या’ या मथळ्याखाली कुटुंबप्रमुखांची नावे ओळीने आहेत. आजच्या सभेतील निदान दहा घराण्यांची नावे मी त्यांत ओळखली. त्याच पानांवर खाली, वाडीतील बंद घरांच्या राखणीचा खर्च आहे. ‘राखणीस गडी २’ असे दर आठवड्यास लिहिले आहे. तिसऱ्या आठवड्यास ‘गडी १ आजारी, औषध’ अशी नोंद असून पुढे आणे-पै आहेत. चौथ्या आठवड्यास ‘गडी नवीन १’ असे आहे. नावे नाहीत.

या वहीची छायाचित्रे काढून ती पुढील वर्षी पुस्तकरूपाने छापण्याचा संस्थेचा मानस आहे, असे चिटणीस म्हणाले. फार चांगली गोष्ट आहे. छापताना जागेच्या अडचणीमुळे झोपड्यांच्या वर्गणीदारांची यादी तेवढी घ्यावी आणि किरकोळ खर्चाची पाने गाळावी, अशी सूचना आल्याचे त्यांनी मला सांगितले. ती पाने गाळू नयेत, अशी माझी आजच्या सभेस विनंती आहे. छपाईचा त्यामुळे जो अधिक खर्च होईल तो मी देईन.  पंगतीस माझ्यामुळे उशीर झाला, त्याबद्दल स्वयंपाकघरातील मंडळींची क्षमा मागतो.